दिवा डावीकडचा, आवाज उजवीकडचा

मेडशी, ८ जुलै २०२५

भाच्याने गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा गुरुजींची गाडी दारात येऊन उभी होती. गुरुजी मेडशीत राहतात आणि शाळा पातूरला, म्हणजे रोज सकाळी घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. गाडी डिझेलवरची, पंधरा वर्षांपुढची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. युरोपी घडणीची असल्यामुळे पुढच्या ब्रेक पॅडमध्ये सेन्सर आहे. तक्रारी दोन होत्या. ब्रेक दाबला की कानात घुसणारी बारीक शिट्टी, आणि मीटरमध्ये पिवळा दिवा.

“दिवा कायम राह्यत नाई, सर. वळण घेतलं का लागते, सरळ झाली का कधी विझते, कधी तसाच राह्यते.”

त्यांनी आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. एकाने सांगितलं, पावसाळ्यात ब्रेक वाजतातच, लक्ष देऊ नका. दुसरा सेन्सरची वायर तोडून दोन्ही टोकं जोडून द्यायला निघाला होता, दिवा जाईल म्हणून. गुरुजींनी ती जोडू दिली नाही, हे फार चांगलं केलं. दोघांपैकी कोणीही चाक खोललं नव्हतं.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवताना माझा एक आग्रह असे: पान्याला हात लावण्याआधी मालकाला बोलतं करा. आवाज गार गाडीत येतो की तापल्यावर? हलका ब्रेक दाबल्यावर की जोरात? पायडल सोडलेलं असतानाही येतो का? स्टिअरिंग फिरवल्यावर बदलतो का? पायडल पायाखाली थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का? पाच मिनिटांच्या या बोलण्यात निम्मं काम होऊन जातं. पायडल न दाबता सतत येणारा आणि दाबल्यावर थांबणारा आवाज वेगळ्या कारणाचा असतो, दाबल्यावरच उठणारा वेगळ्या. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. तो पहिल्या चार-सहा ब्रेकमध्ये खरवडून निघतो आणि आवाजही जातो. गुरुजींची शिट्टी मात्र गाडी तापल्यावर वाढते. तेव्हा पावसाचं कारण तिथेच निकालात निघालं.

गाडी घेऊन मालेगावच्या दिशेने गेलो, घाटाकडे मुद्दाम नेली नाही. काचा खाली करून एका गोदामाच्या लांब भिंतीजवळून हळू चालवली. भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाजू कळते. जाताना भिंत डावीकडे, येताना उजवीकडे. ताशी वीसच्या आसपास, हलक्या पायाने ब्रेक धरला की शिट्टी, आणि ती स्पष्ट उजवीकडून. परत आल्यावर भाच्याने तापमान मोजायची बंदूक धरली. डावी डिस्क ७० अंशांच्या आसपास, उजवी १२० च्या वर.

मग मी गुरुजींना विचारलं, दिवा कोणत्या चाकाचा आहे, माहीत आहे का?

त्यांना वाटत होतं, चारही चाकांचा. या गाडीत सेन्सर एकाच पॅडमध्ये आहे, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या. बाकीच्या सात पॅडबद्दल तो दिवा काहीच सांगू शकत नाही. गुरुजी बराच वेळ मीटरकडे बघत राहिले. गाडी ठेवून ते एसटीने शाळेत गेले.

९ जुलै

मागच्या चाकांना दगड लावले, पुढून गाडी उचलून लोखंडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, हा नियम भाच्याच्या अंगवळणी पडलाय याचं समाधान वाटलं.

डावं चाक आधी खोललं, कारण दिवा त्या बाजूचा. आतला पॅड ७ मिलिमीटर, बाहेरचाही तेवढाच. नव्या पॅडवर घर्षणाचं लायनिंग साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं आणि ३ वर आलं की पॅड बदलायचा. म्हणजे दिवा ज्या पॅडची राखण करतो तो धडधाकट निघाला.

उजवं खोललं. बाहेरचा पॅड ६ मिलिमीटर. आतला काढून हातात घेतला आणि भाचा गप्पच झाला. वरच्या टोकाला २ मिलिमीटर, खालच्या टोकाला एकाहून कमी. तिरका झिजलेला. थोडे दिवस तसंच चाललं असतं तर लोखंडी पाठ डिस्कवर घासली असती, आणि मीटरने त्याबद्दल अवाक्षर काढलं नसतं.

आतला आणि बाहेरचा पॅड एवढे वेगळे झिजले की नजर थेट स्लाइड पिनवर गेली पाहिजे. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्याच उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पाय काढला की तेवढ्याच पिनांवरून तो सैल होतो. पिन अडकली की ही ये-जा बंद पडते. आतला पॅड डिस्कला चिकटून राहतो, तापतो, झिजतो, थरथरतो आणि वाजतो.

वरची पिन बोटाने आत-बाहेर होत होती. खालची हलेना.

“मामा, हे तं जागची हालतच नाई.”

तिच्या रबरी बुटाला तळाशी चीर पडली होती. चिरेतून पाणी आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल आत गेलेला. गंज सोडवायचं तेल मारून थांबलो, पान्याने थोडी उलटी, थोडी सुलटी फिरवत, ओढत ओढत बाहेर काढली. जोर लावून एकाच दिशेने फिरवली असती तर तुटून आत राहिली असती. बाहेर आली तेव्हा मधोमध तपकिरी गंजाचं कडं, त्याखाली बारीक खड्डे, आणि टोकाला वाळून दगड झालेलं जुनं ग्रीस. ते नखाने खरवडून बघितलं. साधं पिवळं चेसिस ग्रीस असावं. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं आणि मऊ पडून फाटतं. इथे उष्णता सहन करणारं सिलिकॉनचं ग्रीसच लागतं. त्या लहानशा डबीची किंमत बघून लोक कचरतात आणि शेवटी पॅडच्या किमतीने ती भरतात.

भाचा हवेची नळी घेऊन ब्रेकवरची धूळ उडवायला निघाला, तेव्हा त्याला थांबवलं. ही धूळ हवेने उडवायची नाही. आपल्याकडे जुन्या आणि स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत गेलं की बाहेर येत नाही. ॲस्बेस्टॉस नसलं तरी धातूची ती पूड फुप्फुसात घ्यायची नाही. ओल्या फडक्याने पुसली, फडकं पिशवीत बांधून टाकलं. माझ्या पिढीचे मिस्त्री ही धूळ तोंडाने फुंकून उडवत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा खोकला मी ऐकला आहे, म्हणून या बाबतीत मी कडक आहे.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने पाच जागी पाहिली. सगळीकडे २०.२ च्या जवळपास. नवी २२ ची, आणि कडेवर कमीत कमी १९ कोरलेलं आहे. चर आहेत पण उथळ. डिस्क राहील. काठावर उभा राहिलेला गंजाचा ओठ तेवढा घासून काढायचा, नाहीतर नवा पॅड त्याच्यावर चढतो आणि पुन्हा वाजतो.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

जुन्या विद्यार्थ्यांचे फोन. कोणी चाकणला आहे, कोणी बुटीबोरीला, एकाचं स्वतःचं गॅरेज आहे. फोनवर सगळ्यांना गुरुजींच्या गाडीची लक्षणं सांगितली आणि विचारलं, काय असेल? वळणावर लागणारा दिवा ऐकताच एक जण लगेच म्हणाला, “सर, वायर ताणल्या जाते.” बरं वाटलं.

तेच निघालं. या सेन्सरची रचना साधी. लायनिंगच्या आत ठरावीक खोलीवर तारेचा एक वेढा पुरलेला असतो. पॅड तिथपर्यंत झिजला की डिस्क तो वेढा कापते, मंडल तुटतं, दिवा लागतो. म्हणजे पॅड चांगला असला तरी तार कुठेही तुटली तर दिवा लागणारच. कपलर सोडवला आणि गाडीच्या बाजूच्या दोन टोकांत तारेचा छोटा तुकडा घालून चावी फिरवली. दिवा गेला. म्हणजे कपलरपासून मीटरपर्यंत सगळं ठीक. तुकडा लगेच काढून घेतला, तो तपासणीपुरता. मग पॅडच्या बाजूच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. तार सरळ धरली की बझर वाजतो, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की थांबतो. तार धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप मागे कधीतरी कोणी काढली आणि परत लावलीच नाही. मोकळी तार वळणावर रिमला घासत राहिली. वरचं आवरण जवळजवळ शाबूत, पण दाबून बघितलं तर आत तांब्याचे तंतू तुटलेले आणि हिरवे पडलेले.

संध्याकाळी गुरुजींना दोन्ही वस्तू समोर ठेवून दाखवल्या, डावीकडची तार आणि उजवीकडचा पॅड. दिवा डाव्या चाकाच्या तुटक्या तारेचा होता आणि आवाज उजव्या चाकाच्या अडकलेल्या पिनचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. दिव्यावर विश्वास ठेवून कोणी डावं चाक तेवढं खोललं असतं, तर पॅड चांगले आहेत म्हणून गाडी परत दिली असती.

सगळ्या गाड्यांत ही रचना सारखी नसते, हेही इथे लिहून ठेवतो. पुण्यात १९९५ पासून बनू लागलेल्या पहिल्या मर्सिडीज गाड्यांमध्ये सेन्सरला एकच तार असे. पॅड झिजला की तारेचं उघडं टोक डिस्कला टेकतं, मंडल गाडीच्या अंगातून पूर्ण होतं आणि दिवा लागतो. तिथे तार तुटली तर दिवा कधीच लागणार नाही. इकडे तुटल्यावर लागतो, तिकडे तुटल्यावर मुका होतो. म्हणून आधी कोणती जात आहे ते ओळखायचं, मग मल्टिमीटर काढायचा.

११ जुलै

पातूरकडून पिकअप आली, सोयाबीनवर फवारायची औषधं भरलेली. चाकातून असा कर्कश आवाज की टपरीवरची माणसं उठून बघायला आली. ब्रेक दाबला तरी तोच, सोडला तरी तोच, चाकाच्या वेगाबरोबर कमी-जास्त. डिस्क आणि तिच्या मागचा पत्रा यांच्यात हरभऱ्याएवढी गिट्टी अडकली होती. पत्रा स्क्रू ड्रायव्हरने किंचित बाहेर वाकवला, खडी खाली पडली. भाच्याने पैसे घेतले नाहीत.

१३ जुलै, रविवार

दिवसभर पाऊस. गुरुजींचे पॅड अकोल्याला सांगितलेत, उद्या-परवा येतील.

ब्रेक का वाजतो यावर पोरांसाठी केलेलं जुनं टिपण काढून वाचलं. पॅड डिस्कवर एकसारखा घसरत नाही. क्षणभर धरतो, क्षणभर सुटतो. हे धरणं-सुटणं सेकंदाला हजारो वेळा होतं आणि डिस्क, पॅड, कॅलिपर मिळून कंप पावतात. किंचाळी म्हणतो ती साधारण १,००० हर्ट्झच्या वरची. माणसाचा कान २,००० ते ५,००० च्या दरम्यान सर्वांत तिखट असतो, म्हणूनच हा आवाज इतका छळतो. कंपाने ब्रेकचा जोर स्वतःहून कमी होत नाही. पण कंप सुटला याचा अर्थ काहीतरी सैल, तिरकं, गुळगुळीत किंवा अडकलेलं आहे. म्हणून पॅडच्या पाठीला शिम असते, पाठ जिथे टेकते तिथे ग्रीसचं पातळ बोट लावतात, पॅडच्या कडा उतरत्या करतात. नव्या पॅडच्या खोक्यातली शिम फेकून देणारे मिस्त्री मी पाहिलेत. दोन दिवसांनी तोच माणूस आवाजाची तक्रार घेऊन परत येतो.

हा आवाज डिस्क ब्रेकच्या जन्मापासूनचा आहे. फ्रेडरिक लँचेस्टरने बर्मिंगहॅममध्ये १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने डिस्कवर तांब्याचे तुकडे घासवले आणि ते असह्य किंचाळत. ते थांबवायला हर्बर्ट फ्रूडचं लायनिंग उपयोगी पडलं, ज्यात ॲस्बेस्टॉस होतं. आवाज थांबला, पण फुप्फुसांचा शत्रू पुढची कित्येक दशकं गॅरेजमध्ये राहिला. डिस्कला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये, जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. आपल्याकडे मी काम शिकलो त्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी आणि तिच्याबरोबरची अँबेसेडर यांना ड्रमच असत. ड्रममधले लायनर झिजले की पायडल खाली जाई, ड्रायव्हरच्या पायाला आपोआप कळे. डिस्कमध्ये पिस्टन आपला आपण पुढे सरकतो आणि पायडल तिथल्या तिथे राहतं. झीज पायाला कळेनाशी झाली, म्हणून ती कानाला आणि डोळ्याला कळवायची सोय करावी लागली.

१५ जुलै

दुपारच्या गाडीने पार्सल आलं. पॅड चांगल्या कंपनीचे, मापाचे, पण सेन्सर नसलेले. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सेन्सरवाले कोणी नेत नाही हो, वायर जोडून टाका, सगळे तेच करतात.

पॅड परत पाठवले.

सगळे तेच करतात, हे खरं आहे. या रस्त्यावर येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये मला अशा जोडलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारा सतत दिसतात. पॅडच्या किमतीत थोडा फरक पडतो, दोन दिवस थांबावं लागतं, म्हणून गाडीत आधीपासून असलेलं एक रक्षण कायमचं काढून टाकायचं. पुढे ती गाडी विकली जाते. नव्या मालकाला वाटतं, आपल्या मीटरमध्ये पॅडचा दिवा आहे, लागला नाही म्हणजे सगळं ठीक. त्या माणसाला कोणी काही सांगितलेलं नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

मेडशी पठारावर आहे आणि पातूर खाली. अकोला-नांदेड रस्त्याच्या चौपदरीकरणाचे टप्पेसुद्धा मेडशीवरच तुटले, अकोला ते मेडशी एक आणि मेडशी ते वाशीम दुसरा. म्हणजे वाशीमकडून येणारी गाडी इथून पुढे उतरणीला लागते. हिशेब करून ठेवलाय: १०० मीटर उंची उतरताना गाडीत जी ऊर्जा सुटते ती ताशी ६० वरून सात वेळा पूर्ण थांबण्याएवढी. गाडी हलकी असो की भरलेली, हे गुणोत्तर बदलत नाही. यातली जी ऊर्जा इंजिन आणि हवा घेत नाही ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एका मिलिमीटरच्या पॅडमागे लोखंडी पाठ आहे, तिच्यामागे पिस्टन, आणि पिस्टनमागे ब्रेक ऑइल. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ ऑइलपर्यंत पोचते. डॉट-४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि ठरावीक पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायडल तळाला जातं. गुरुजींच्या गाडीतलं ऑइल काळपट झालेलं आहे. तेही बदलायचं.

१६ जुलै

समृद्धीवरून मालेगावला उतरून अकोल्याला निघालेली टॅक्सी. साधी देशी हॅचबॅक, सेन्सर नाही. या गाड्यांच्या पॅडला स्प्रिंगच्या पोलादाची एक जीभ असते. लायनिंग दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि वाजू लागते. ना तार, ना दिवा. पायडल न दाबता आवाज सुरू, दाबलं की बंद. टेक्स्टबुकातलं लक्षण. ड्रायव्हर मात्र वैतागला होता:

“काल मीटरमधला लाल दिवा लागला, ऑइल टाकलं तं गेला. आता हे काय नवीन?”

त्याला उभं करून नीट समजावलं. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. डबीतला तरंगता खटका खाली गेला की लाल दिवा लागतो. तेव्हा ऑइल कमी झालं म्हणजे दोनच शक्यता, कुठेतरी गळती आहे नाहीतर पॅड संपत आलेत. वरून ऑइल ओतलं की दिवा जातो, पॅड आहेत तेवढेच राहतात. त्याने काल ओतलेलं ऑइल आज पिस्टन मागे ढकलताना डबीतून वर आलं. भाच्याने आधीच पिचकारीने काढून घेतलं म्हणून रंगावर सांडलं नाही. हे ऑइल रंग खातं.

ताशी १२० ने आलो म्हणाला. ६० च्या दुप्पट वेग म्हणजे थांबवायची ऊर्जा चौपट. सरळ रस्त्यावर ब्रेकला फारसं काम पडत नाही, म्हणून संपलेले पॅड समृद्धीवर कळत नाहीत. ते कळतात एकदम, कोणी आडवं आलं की. पॅड बदलूनच पाठवला. पॅड साधे होते, भाच्याकडे होते.

१८ जुलै

सेन्सरवाले पॅड आले. उशीर झाला, गुरुजींनी कुरकुर केली नाही.

दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. डावीकडचे ७ मिलिमीटरचे ठेवून उजवीकडे नवे घातले असते तर दोन चाकांची पकड वेगळी झाली असती आणि ओल्या रस्त्यावर गाडी ओढली असती. उजव्या कॅलिपरला दोन्ही पिना नव्या, बूट नवे, सिलिकॉन ग्रीस बेताचं. जास्त भरलं की आत कोंडलेली हवा पिन बाहेर ढकलते. पॅड जिथे सरकतो त्या पट्ट्या तारेच्या ब्रशने लख्ख केल्या. हे काम कंटाळवाणं असतं आणि आवाजाची अर्धी कारणं इथेच दडलेली असतात. पिस्टनच्या रबराला चीर नव्हती, पिस्टन सरळ मागे गेला. डिस्कचा ओठ घासला, पृष्ठभागावर पॉलिश पेपर गोल गोल फिरवून जुनी चकाकी मोडली, मग क्लीनरने पुसून घेतली.

सेन्सरची तार मी स्वतः बसवली. आधी मूळ वाटेने नेली, सस्पेन्शनच्या दांड्यावरच्या खाचेत नवी क्लिप दाबली, मग भाच्याला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि टॉर्च धरून तार कुठे ताणते, कुठे घासते ते पाहिलं. उजवीकडे पूर्ण वळवल्यावरही बोटभर सैल राहिली. कपलरची टोकं साफ केली. चावी फिरवली, दिवा लागून विझला. मग कपलर सोडवून परत बघितलं, दिवा लागला. लागतो हे बघितल्याशिवाय विझला याला अर्थ नाही.

ऑइल चारही चाकांतून नवं ओढलं. शेवटच्या निपलमधून स्वच्छ, बिनबुडबुड्याचं येईपर्यंत.

१९ जुलै

नवे पॅड लगेच घाटात न्यायचे नाहीत. मालेगावच्या बाजूला, रस्ता मोकळा बघून, ताशी साठवरून पंधरापर्यंत मध्यम दाबाने आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच. यात पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर एकाच जागी ठसा उमटतो, आणि पुढे पायडल थरथरू लागलं की लोक डिस्क वाकली म्हणून फेकतात.

परतल्यावर तापमान घेतलं. दोन्ही डिस्क आठ-दहा अंशांच्या फरकाने सारख्या.

मग गुरुजींना चालवायला बसवून घाट उतरलो. त्यांना सवय होती चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय अलगद ठेवून उतरायची. म्हटलं, गुरुजी, ज्या गिअरने चढता त्याच्या आसपासच्या गिअरने उतरा. इंजिनला धरू द्या. वळणाआधी ब्रेक एकदा नीट दाबा आणि पूर्ण सोडा. सतत अलगद पाय ठेवल्याने पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा होतो, धरत नाही आणि वाजतो. सागाची झाडं पावसाने गच्च हिरवी झालीत. शेवटच्या वळणापर्यंत काचा उघड्या ठेवल्या होत्या, टायरचा आणि पावसाच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

पातूरला चहा घेतला. गुरुजी म्हणाले, “मले वाटे, दिवा विझला म्हणजे झालं.” मग त्यांनी खिशातली वही काढली आणि गिअर, ब्रेक कधी दाबायचा, ऑइल कधी बदलायचं ते लिहून घेतलं. मी चकित झालो. इतक्या वर्षांत गाडीच्या मालकाने लिहून घेताना क्वचितच बघितलंय.

२७ जुलै

श्रावण लागला. गुरुजी सांगितल्याप्रमाणे गाडी दाखवायला आले, आठवडाभर घाट केल्यावर. चाकं खोलली. उजवीकडचे आतला-बाहेरचा सारखे झिजताहेत, फरक मोजण्याएवढा नाही. दोन्ही पिना बोटाने सरकतात. डावी तार जिथे ठेवली तिथेच आहे, रिमचा ओरखडा नाही. मागचे पॅड ५ मिलिमीटर. दिवाळीआधी बदलावे लागतील असं त्यांना सांगितलं आणि गाडीच्या बॉनेटखाली खडूने नाही, रंगाने तारीख टाकली.

भाच्याने आजपासून गॅरेजमध्ये एक वही सुरू केली आहे. येणाऱ्या प्रत्येक गाडीचे आठही पॅड मोजायचे, सेन्सर कोणत्या चाकाला आहे, तार मूळ आहे की जोडलेली, हे लिहायचं. पहिल्या पानावर गुरुजींची गाडी. दुसऱ्यावर दुपारी आलेली वाशीमची एक जुनी सेडान, तिची तार जोडलेली निघाली, पुढचे पॅड ४ मिलिमीटर. मालकाला ते माहीत नव्हतं. तो अकोल्याला दवाखान्यात निघाला होता, थांबायला वेळ नव्हता; बुधवारी येतो म्हणाला. सेन्सरवाल्या पॅडसाठी अकोल्याला आजच फोन करून ठेवला.